पंगत, बोर्डिंग आणि विचार : महाराष्ट्रातील महाविद्यालयांच्या राजकीय कलाचा पूर्वेतिहास

महाराष्ट्रातील विद्यार्थ्यांच्या राजकारणाचा इतिहास बहुधा चळवळींच्या आणि संघटनांच्या अंगाने लिहिला गेला आहे. वंगभंगानंतरचा स्वदेशीचा काळ, असहकार, बेचाळीस, नामांतर अशी त्याची ठरलेली प्रकरणे आहेत आणि प्रत्येक प्रकरणात ‘विद्यार्थी’ हा एकच एक समूह असल्यासारखा वावरतो. प्रत्यक्षात एकाच वर्षी, एकाच विद्यापीठाची परीक्षा देणारे आणि एकच क्रमिक पुस्तके वाचणारे विद्यार्थी महाविद्यालय बदलताच निराळ्या पक्षाचे, निराळ्या निष्ठांचे आणि कित्येकदा परस्परांच्या विरोधात उभे असलेले आढळतात. हा फरक कशाने पडला, याचे उत्तर अभ्यासक्रमात सापडत नाही, कारण तो सर्वत्र जवळजवळ सारखाच होता. महाविद्यालय कोणी काढले, त्याचा खर्च कोणी उचलला आणि गावाबाहेरून आलेला मुलगा कोणाच्या घरी जेवला व कोणत्या छपराखाली झोपला, या तीन गोष्टींनी त्या त्या महाविद्यालयाचा राजकीय कल घडवला आणि त्यांतही तिसरी गोष्ट सर्वांत प्रभावी ठरली, असे या इतिहासाकडे पाहता म्हणावे लागते.

आरंभ मुंबईपासून करणे भाग आहे. एल्फिन्स्टन संस्थेतील प्राध्यापक व विद्यार्थ्यांनी 1848 मध्ये स्थापन केलेली ‘स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी’ ही पश्चिम भारतातील विद्यार्थ्यांची पहिली महत्त्वाची सभा होय. निबंधवाचन आणि चर्चा हे तिचे मुख्य काम असले, तरी या तरुणांनी लवकरच मुलींच्या शाळा चालवायला घेतल्या आणि दादाभाई नौरोजी हे त्यांच्यातील अग्रणी होते. मुंबई विद्यापीठ 1857 मध्ये स्थापन झाले आणि 1862 मध्ये त्याचे पहिले पदवीधर बाहेर पडले, त्यांत महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर होते. सुधारणा, सनदशीर अर्ज-विनंत्या आणि इंग्रजी राज्याच्या न्यायबुद्धीवर सावध विश्वास असा या पिढीचा कल होता, आणि पुढे ज्याला ‘मवाळ’ म्हटले गेले त्या राजकारणाचे मूळ येथे आहे. तरीही सरकारी महाविद्यालयाला सरकारनिष्ठ विद्यार्थीच लाभतात हा समज पहिल्याच पिढीत खोटा ठरला होता. मराठ्यांच्या राज्याशी तुलना करून इंग्रजी राज्याला उणे ठरवणारा निबंध लिहिल्याबद्दल रानड्यांची शिष्यवृत्ती प्राचार्य सर अलेक्झांडर ग्रँट यांनी सहा महिने बंद केली होती, अशी हकिकत त्यांच्या चरित्रांतून सांगितली जाते.

मुंबईतील मिशनरी महाविद्यालयांची कथा याहून उलट्या वळणाची आहे. स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन यांच्या शाळेतून वाढलेल्या विल्सन महाविद्यालयात बायबलचे पाठ सक्तीचे होते. या सक्तीविरुद्ध विद्यार्थ्यांची चळवळ उभी करणाऱ्या श्रीपाद अमृत डांगे यांना महाविद्यालय सोडावे लागले आणि 1921 मध्ये, वयाच्या अवघ्या बाविसाव्या वर्षाच्या आसपास, त्यांनी गांधी आणि लेनिन यांची तुलना करणारी पुस्तिका प्रसिद्ध केली. भारतीय कम्युनिस्ट चळवळीच्या संस्थापकांपैकी एक धर्मशिक्षणाच्या सक्तीविरुद्धच्या भांडणातून राजकारणात आला, ही गोष्ट नीट लक्षात घेण्यासारखी आहे. त्याच विल्सनमध्ये शिकलेल्या उषा मेहता यांनी ऑगस्ट 1942 मध्ये आपल्या सहकाऱ्यांसह गुप्त ‘काँग्रेस रेडिओ’ चालवला आणि नोव्हेंबरमध्ये पकडले जाईपर्यंत मुंबईत जागा बदलत त्याचे प्रक्षेपण चालू ठेवले. एल्फिन्स्टनचे पदवीधर युसुफ मेहेरअली यांनी 1928 च्या सुमारास ‘बॉम्बे यूथ लीग’ उभी केली, आणि फेब्रुवारी 1928 मध्ये सायमन कमिशन मुंबईच्या धक्क्यावर उतरले तेव्हा त्याला परत जाण्यास सांगणाऱ्या निदर्शनांत ही तरुण मंडळी पुढे होती. मुंबईच्या महाविद्यालयांत गुजराती, पारशी, मराठी, मुसलमान, ख्रिस्ती अशी सर्व प्रकारची मुले एकत्र असत आणि बहुतेकांची घरे शहरातच असत. म्हणून तेथील कल एखाद्या महाविद्यालयापेक्षा शहराचा असे आणि तो काँग्रेस, समाजवादी व कम्युनिस्ट या अखिल भारतीय प्रवाहांत चटकन मिसळून जाई.

पुण्यात तसे नव्हते. पुण्यातील विद्यार्थी बव्हंशी बाहेरगावचा होता. कोकणातून, देशावरून, वऱ्हाडातून तो येई आणि त्याच्या पोटाची सोय प्रथम लावावी लागे. ही सोय ज्या पद्धतीने होई तिला ‘वार लावून जेवणे’ म्हणत. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या घरी, असे आठवड्याचे सात वार सात घरी ठरवून घ्यायचे आणि ज्या वाराला घर मिळाले नसेल त्या दिवशी माधुकरी मागायची, म्हणजे काही घरांतून शिजवलेले अन्न झोळीत गोळा करून आणायचे. शेकडो दरिद्री मुले या पद्धतीवर शिकली आणि तिच्यामागील दातृत्व खरे होते. परंतु सोवळ्याओवळ्याच्या नियमांमुळे वाराचे घर मिळे ते ब्राह्मण मुलालाच. कुणबी, माळी किंवा महार मुलाला पुण्यात सात काय, एकही घर नव्हते. राजकीय इतिहासाच्या दृष्टीने या पद्धतीचा दुसरा परिणामही तितकाच मोठा होता, कारण वाराचा विद्यार्थी ज्या माजघरात जेवे त्या घरातील बोलणी त्याच्या कानी पडत, ‘केसरी’ची चर्चा तेथे होई, गणेशोत्सवातील मेळ्यांची तयारी तेथे चाले, आणि शहराचे जे मत असेल ते न शिकवता त्याचे मत होऊन जाई.

शहराचे हे मत घडवणारी माणसे स्वतः सरकारी महाविद्यालयातून निघाली होती. पेशवाई गेल्यावर 1821 मध्ये विश्रामबागवाड्यात सुरू झालेल्या संस्कृत पाठशाळेचे पुढे डेक्कन कॉलेज झाले आणि ते येरवड्याच्या बाजूस, शहरापासून दूर, स्वतंत्र इमारतीत गेले. बाळ गंगाधर टिळक आणि गोपाळ गणेश आगरकर यांची मैत्री तेथे जुळली व सरकारी नोकरी न करता शिक्षणाला वाहून घेण्याचा त्यांचा निश्चयही तेथेच झाला. विष्णुशास्त्री चिपळूणकरांबरोबर 1 जानेवारी 1880 रोजी त्यांनी न्यू इंग्लिश स्कूल काढले, 1884 मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली आणि 2 जानेवारी 1885 रोजी फर्ग्युसन महाविद्यालय सुरू झाले. देशी माणसांनी चालवलेल्या या महाविद्यालयाला मुंबईच्या गव्हर्नराचे, सर जेम्स फर्ग्युसन यांचे नाव देण्यात आले, आणि ‘आजीव सदस्य’ या नावाने ओळखले जाणारे त्याचे प्राध्यापक वीस वर्षे अल्प वेतनावर काम करण्याची प्रतिज्ञा करीत. स्वावलंबन आणि सरकारी अनुदान या दोहोंचा हा मेळ संस्थेच्या घडणीत पहिल्या दिवसापासून होता, आणि पुढील पन्नास वर्षे तेथील प्रत्येक राजकीय वादात हाच सांधा दुखत राहिला.

टिळक 1890 मध्ये संस्थेतून बाहेर पडले आणि फर्ग्युसन आगरकर व गोपाळ कृष्ण गोखले यांच्या हाती राहिले. आगरकर 1892 पासून 1895 मधील मृत्यूपर्यंत प्राचार्य होते. ‘सुधारक’ पत्रातून त्यांनी चालवलेल्या समाजसुधारणेच्या प्रचारामुळे पुण्यातील सनातन्यांनी ते जिवंत असताना त्यांची प्रेतयात्रा काढली होती. याचा अर्थ असा, की वर्गात बसलेला विद्यार्थी आगरकरांकडून स्पेन्सर आणि मिल शिकत होता, आणि संध्याकाळी ज्या वाड्यात तो जेवायला जाई तेथे आगरकरांचे नाव घेणेही कित्येकांना सहन होत नव्हते. वर्ग आणि पंगत यांच्यातील ही ओढाताण पुण्याच्या विद्यार्थ्याच्या वाट्याला रोज येत होती, आणि संख्येचा हिशेब केला तर पंगत जिंकली असे मान्य करावे लागते. आगरकरांचे मोठेपण याने उणे होत नाही; उलट कोणत्या एकाकीपणात त्यांनी काम केले ते यावरून कळते.

सन 1905 मध्ये ही ओढाताण उघड्यावर आली. बंगालच्या फाळणीविरुद्ध स्वदेशीची चळवळ पेटली तेव्हा गोखल्यांचा वारसा सांगणारे फर्ग्युसन रँग्लर रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे यांच्या प्राचार्यपदाखाली होते आणि गोखल्यांनी त्याच वर्षी जूनमध्ये महाविद्यालयाच्या शेजारीच ‘भारत सेवक समाज’ स्थापन केला होता. सनदशीर मार्गाने, अभ्यासाने आणि धीम्या गतीने देशकार्य करावे ही या सर्व परिसराची शिकवण होती. त्याच परिसरातील वसतिगृहात विनायक दामोदर सावरकर नावाचा नाशिककडचा विद्यार्थी राहत होता; त्याच्याभोवती जमलेल्या मुलांना ‘सावरकर कँप’ म्हटले जाई आणि ही मंडळी हस्तलिखित साप्ताहिक चालवीत, स्वदेशी वस्त्रे वापरीत, एकत्र वाचन करीत. ऑक्टोबरमध्ये दसऱ्याच्या सुमारास या मुलांनी घरोघरून विलायती कपडे गोळा केले, ते गाडीत रचून मिरवणुकीने नदीपलीकडे नेले आणि मोकळ्या जागेत त्यांची होळी केली. टिळक आणि ‘काळ’कर्ते शिवरामपंत परांजपे तेथे हजर होते. प्राचार्यांनी सावरकरांना दहा रुपये दंड केला आणि वसतिगृहातून काढून टाकले.

या शिक्षेतील तपशील बारकाईने पाहण्यासारखा आहे. सावरकरांना परीक्षेला बसू दिले गेले व ते पदवीधर झाले. काढून घेण्यात आले ते वसतिगृहातील स्थान. मुलांचे मत व्याख्यानांनी बनत नाही, खोल्यांत बनते, हे महाविद्यालयाच्या चालकांना नेमके उमगले होते. दहा रुपयांचा दंड लोकांनी वर्गणी काढून भरला आणि एका वसतिगृहाच्या शिस्तीचा प्रश्न सबंध पुण्याच्या राजकारणाचा प्रश्न झाला. टिळकांच्या अनुयायांना, म्हणजे ‘जहाल’ पक्षाला, प्राचार्य परांजपे हे सरकारपुढे वाकणारे वाटले, तर मवाळांच्या मते अनुदानावर चालणारी संस्था टिकवणे हेच मोठे देशकार्य होते. आज मागे वळून पाहता दोन्ही बाजूंचे म्हणणे प्रामाणिक होते असे दिसते. सरकारचे दडपण काल्पनिक नव्हते, कारण बंगालमध्ये 1905 मध्ये कार्लाइल यांच्या परिपत्रकाने आणि हिंदुस्थानभर 1907 मध्ये रिस्ले यांच्या परिपत्रकाने विद्यार्थ्यांना राजकीय सभांपासून दूर ठेवण्याची जबाबदारी शाळा-महाविद्यालयांवर टाकली होती आणि अनुदान व संलग्नता ही दोन्ही हत्यारे सरकारच्या हाती होती.

फर्ग्युसनच्या इतिहासातील सर्वांत धक्कादायक दिवस मात्र 22 जुलै 1931 हा होय. मुंबईचे हंगामी गव्हर्नर सर अर्नेस्ट हॉटसन महाविद्यालयाला भेट देण्यासाठी आले असता ग्रंथालयात वासुदेव बळवंत गोगटे या विद्यार्थ्याने त्यांच्यावर अगदी जवळून गोळ्या झाडल्या. एक गोळी छातीवरील खिशातल्या पाकिटाच्या धातूच्या बटणावर आदळून अडली आणि हॉटसन वाचले. आदल्या वर्षी सोलापुरात मार्शल लॉ, म्हणजे लष्करी कायदा, पुकारून सरकारने जे अत्याचार केले आणि जानेवारी 1931 मध्ये मल्लाप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे व श्रीकिसन सारडा या चौघांना जे फासावर दिले, त्याचा हा सूड होता. गोगट्यांना आठ वर्षांची शिक्षा झाली, 1937 मध्ये त्यांची सुटका झाली आणि पुढे ते पुण्याचे महापौर झाले. त्याच काळात फर्ग्युसनमधूनच एस. एम. जोशी आणि नारायण गणेश गोरे यांच्यासारखे तरुण यूथ लीगच्या कामात पडले होते आणि 1929 मध्ये पर्वतीचे देऊळ अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून झालेल्या सत्याग्रहात मार खात होते. एका महाविद्यालयाच्या आवारात मवाळ प्राध्यापक, सशस्त्र क्रांतीकडे झुकलेला विद्यार्थी आणि समाजवादी सत्याग्रही तरुण यांची एकाच दशकात ये-जा असावी, हे फर्ग्युसनचे वैभव मानले पाहिजे. मात्र त्या तिघांच्या पंगतीत बहुजन समाजाचा मुलगा क्वचितच होता, हेही त्याच वेळी नोंदवले पाहिजे.

तो मुलगा कोल्हापुरात होता. राजाराम महाविद्यालय 1880 मध्ये सुरू झाले होते, पण त्यात शिकणाऱ्यांत ब्राह्मणेतर जवळजवळ नव्हते. शाहू छत्रपतींनी 1896 मध्ये सर्व जातींच्या मुलांसाठी एक वसतिगृह काढून पाहिले. त्याचा लाभ पुन्हा ब्राह्मण विद्यार्थ्यांनाच झाला. एका पंगतीचा प्रयत्न फसला म्हणून त्यांनी अनेक पंगती मांडल्या. सन 1901 मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघाले, त्याच वर्षी जैन बोर्डिंग, नंतर मुस्लिम बोर्डिंग, वीरशैव बोर्डिंग, 1908 मध्ये अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग, आणि पुढे शिंपी, सोनार, सारस्वत अशा कितीतरी समाजांची. ‘वसतिगृहांची जननी’ हे कोल्हापूरचे बिरुद त्यातून आले. प्रत्येक बोर्डिंगला दरबाराकडून जागा किंवा नेमणूक मिळे, आणि जातीतील सुखवस्तू माणसे त्याच्या कमिटीवर बसून वर्गणी जमवीत. याच काळात वेदोक्त प्रकरण, म्हणजे छत्रपतींच्या घरातील धर्मकृत्ये वेदमंत्रांनी करण्यास ब्राह्मण पुरोहितांनी दिलेला नकार, पेटलेले होते, आणि 26 जुलै 1902 रोजी संस्थानच्या नोकऱ्यांत मागासलेल्या वर्गांसाठी निम्म्या जागा राखून ठेवण्याचा हुकूम निघाला. बोर्डिंगमधील मुलाला शिक्षण, अन्न आणि नोकरी ही तिन्ही ज्या राजाकडून मिळाली त्याच्या बाजूने, आणि पुण्याच्या जहालांच्या विरुद्ध, त्याचे मत झुकले यात नवल वाटण्याचे कारण नाही. राष्ट्रीय शिक्षणाचे पुरस्कर्ते विष्णु गोविंद विजापूरकर हे राजाराम महाविद्यालयातील प्राध्यापक होते, पण वेदोक्ताच्या वादात ते दरबाराच्या विरोधात गेले आणि त्यांना कोल्हापूर सोडावे लागले. त्यांचे ‘समर्थ विद्यालय’ तळेगावला वाढले. पुण्याच्या दृष्टीने ते देशभक्तीचे हुतात्मे होते, कोल्हापूरच्या बोर्डिंगांच्या दृष्टीने प्रतिपक्षाचे. एकच माणूस दोन महाविद्यालयीन जगांत असा दोन अर्थांनी ओळखला गेला.

जातवार बोर्डिंगे ही मुक्कामाची जागा नव्हती, वाटेतली होती, याचे भान तेथेच राहिलेल्या एका मुलाला सर्वांत आधी आले. भाऊराव पायगोंडा पाटील हे जैन बोर्डिंगमध्ये राहत असताना मिस क्लार्क बोर्डिंगच्या समारंभाला गेले. परत आल्यावर अस्पृश्यांत मिसळल्याबद्दल आंघोळ केल्याखेरीज भोजनगृहात येता येणार नाही असे त्यांना सांगण्यात आले, त्यांनी आंघोळ करण्यास नकार दिला आणि बोर्डिंग सोडले. पुढे 1919 मध्ये त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि 1924 मध्ये साताऱ्यात जे वसतिगृह काढले त्यात महार, मांग, मराठा, जैन, मुसलमान मुले एका स्वयंपाकघरात शिजलेले अन्न एका ओळीत बसून खात. मुले आपली भाकरी आपण भाजत, शेतात राबत. वसतिगृहात धान्य संपले तेव्हा भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी आपले मंगळसूत्र मोडायला दिले. गांधींनी 1927 मध्ये या वसतिगृहाला भेट दिली तेव्हा त्याचे ‘छत्रपती शाहू बोर्डिंग’ असे नामकरण झाले. सत्यशोधक विचार आणि गांधींची राष्ट्रीय चळवळ यांची गाठ या भेटीत पडलेली दिसते. ब्राह्मणेतर पक्षाचे केशवराव जेधे 1930 नंतर काँग्रेसकडे आले, आणि मिसरूड फुटण्याच्या वयात तुरुंग पाहून आलेला कराडचा यशवंतराव चव्हाण हा तरुण 1938 मध्ये राजाराम महाविद्यालयातून पदवीधर झाला तो काँग्रेसचा कार्यकर्ता म्हणून. शाहूंच्या काळात काँग्रेसला ब्राह्मणांची सभा मानणारे महाविद्यालयीन जग एका पिढीत बदलले. महाराष्ट्रातील पुढील पन्नास वर्षांची सत्ता या बदलावर उभी राहिली, पण त्याचा अभ्यास होतो तो निवडणुकांच्या आकड्यांतून. बोर्डिंगांच्या अंगाने तो फारसा होत नाही.

निजामाच्या राज्यातील मराठवाड्याची स्थिती आणखी निराळी होती. तेथील मराठी मुलाला पदवीसाठी हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठात जावे लागे, जेथे शिक्षणाची भाषा उर्दू होती आणि राजकीय संघटनेला जवळजवळ बंदी होती. 1938 मध्ये उस्मानियाच्या वसतिगृहातील प्रार्थनेच्या खोलीत हिंदू विद्यार्थी ‘वंदे मातरम्’ म्हणत म्हणून त्यावर मनाई झाली, मुलांनी मनाई मोडली आणि शेकडोंच्या संख्येने त्यांना काढून टाकण्यात आले. औरंगाबादच्या इंटरमिजिएट कॉलेजातही हे लोण पोचले. काढलेल्या मुलांना नागपूर विद्यापीठाने प्रवेश दिला. पुढे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव त्यांतील एक. हैदराबाद मुक्तिसंग्रामाच्या तरुण फळीचा मोठा भाग या प्रकरणातून आला. येथेही ठिणगी पडली ती वर्गात नव्हे, वसतिगृहाच्या एका खोलीत पडली.

अखिल भारतीय विद्यार्थी संघटनांचा काळ याच सुमारास सुरू होतो. ‘ऑल इंडिया स्टुडंट्स फेडरेशन’ ऑगस्ट 1936 मध्ये लखनौला स्थापन झाली. तिचे उद्घाटन जवाहरलाल नेहरूंनी केले आणि अध्यक्षस्थानी महंमद अली जीना होते. वर्षभरात मुस्लिम विद्यार्थ्यांची निराळी संघटना निघाली, 1940 मध्ये नागपूरच्या अधिवेशनात फेडरेशन फुटले, 1941 मध्ये राष्ट्र सेवा दलाची पुनर्रचना झाली, 1949 मध्ये अखिल भारतीय विद्यार्थी परिषदेची नोंदणी झाली आणि 1958 नंतर मुंबईतील प्राध्यापक यशवंतराव केळकर यांनी तिला महाराष्ट्रात बांधीव रूप दिले. या संघटनांनी महाविद्यालयांच्या कलाला नावे आणि झेंडे दिले; पण कोणता झेंडा कोणत्या आवारात रुजेल हे बहुतेक ठिकाणी आधीच ठरलेले होते.

संस्थापकाचा हेतू आणि विद्यार्थ्याचा कल यांची सर्वांत पूर्ण जुळणी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या महाविद्यालयांत झाली. त्यांनी 8 जुलै 1945 रोजी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली आणि 20 जून 1946 रोजी मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू केले. दिवसा नोकरी करणाऱ्या मुलांना शिकता यावे म्हणून तेथे सकाळचे वर्ग भरत. महाविद्यालयाच्या वेळापत्रकातच एक सामाजिक भूमिका होती. औरंगाबादचे महाविद्यालय 1950 मध्ये सुरू झाले, पुढे त्याला मिलिंद हे नाव मिळाले आणि त्याच्या परिसराला नागसेनवन. मराठवाड्यातील अस्पृश्य मुलाला शहरात भाड्याने खोली मिळणे अवघड होते, म्हणून वसतिगृह हे या महाविद्यालयाचे अंग नव्हते, काळीज होते. दिल्लीहून येणारी शिष्यवृत्ती, जिला मुले ‘स्कॉलरशिप’ एवढ्याच नावाने ओळखत, ती उशिरा येई आणि तोवर मेस उधारीवर चाले. प्राचार्य म. भि. चिटणीस यांनी लिहिलेले ‘युगयात्रा’ हे नाटक तेथील विद्यार्थ्यांनी रंगभूमीवर आणले आणि खुद्द बाबासाहेबांनी ते पाहिले. गंगाधर पानतावणे यांच्या ‘अस्मितादर्श’ने दलित साहित्याला जे व्यासपीठ दिले, त्याची मुळेही याच मिलिंद परिसरात आहेत.

मात्र संस्थापक आपला असला म्हणून विद्यार्थी निमूट राहतो असे नाही. मुंबईत वडाळ्याचे ‘सिद्धार्थ विहार’ हे वसतिगृह 1972 मध्ये दलित पँथरच्या हालचालींचे केंद्र बनले. राजा ढाले, ज. वि. पवार, अरुण कांबळे, अविनाश महातेकर यांच्यासारख्या तरुणांचा तेथे राबता होता, आणि कामाठीपुऱ्याच्या परिसरात वाढलेले नामदेव ढसाळ हे महाविद्यालयाच्या जगाबाहेरचे कवीही त्यांना येऊन मिळाले. या तरुणांचा राग जसा खेड्यांतील अत्याचारांवर होता तसाच तो रिपब्लिकन पक्षाच्या फाटाफुटीवर आणि आपल्याच पुढाऱ्यांच्या तडजोडींवर होता. बाबासाहेबांच्या संस्थेने दिलेल्या खोलीत बसून बाबासाहेबांच्या वारसदारांना जाब विचारला गेला, हेच त्या संस्थेच्या शिक्षणाचे खरे यश होय. पुण्यात याच सुमारास, 1967 पासून, कुमार सप्तर्षी आणि त्यांच्या मित्रांचे युवक क्रांती दल उभे राहिले होते आणि त्यात सवर्ण घरांतील मुले आपल्या माजघराच्या मतांविरुद्ध उभी राहत होती.

औरंगाबादेत मात्र दोन महाविद्यालयीन जगांतील अंतर किती खोल होते ते 1978 मध्ये दिसले. मराठवाडा विद्यापीठाला डॉ. आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव 27 जुलै 1978 रोजी विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी संमत केला आणि मराठवाड्यात दंगली उसळल्या. खेड्यापाड्यांतील दलित वस्त्या जाळल्या गेल्या, माणसे मारली गेली. विद्यापीठ आणि नागसेनवन यांच्यामध्ये चालत जाण्याइतकेच अंतर आहे. नामांतराच्या बाजूने मिलिंदचे विद्यार्थी, पँथर आणि समाजवादी तरुण होते. विरोधात सवर्ण विद्यार्थ्यांचा एक मोठा गट होता, ज्यांतील अनेकांनी चारच वर्षांपूर्वी मराठवाडा विकास आंदोलनात प्रदेशाच्या न्यायासाठी लाठ्या खाल्ल्या होत्या. अन्यायाची जाणीव असलेली मुले दुसऱ्याच्या न्यायाच्या आड आली, ही महाराष्ट्राच्या विद्यार्थी चळवळीच्या इतिहासातील सर्वांत दुःखद गोष्ट आहे. तडजोडीचे नामविस्ताराचे रूप घेऊन ते नाव विद्यापीठाला 14 जानेवारी 1994 रोजी मिळाले, म्हणजे ठरावानंतर साडेपंधरा वर्षांनी.

यानंतरचा भाग थोडक्यात सांगता येतो, कारण त्यात वैचारिक कलापेक्षा सत्तेची व्यवस्था अधिक आहे. यशवंतराव चव्हाणांच्या काळात आर्थिकदृष्ट्या मागासांना मिळालेल्या ‘ई. बी. सी.’ या फी-सवलतीमुळे तालुक्याच्या गावी महाविद्यालये निघाली, आणि 1983 नंतर विनाअनुदानित व्यावसायिक महाविद्यालयांना परवानगी मिळाली. साखर कारखाना, सहकारी बँक आणि शिक्षणसंस्था एकाच घराण्याकडे असलेल्या गावांत विद्यार्थ्याचा कल संस्थापकाच्या पक्षाशी बांधला गेला, महाविद्यालयाच्या जी. एस. पदाची, म्हणजे विद्यार्थ्यांच्या सरचिटणिसाची, निवडणूक ही जिल्हा परिषदेची रंगीत तालीम झाली. त्या निवडणुकांत मारामाऱ्या आणि खूनही झाले, आणि 1994 च्या विद्यापीठ कायद्याने त्या बंद होऊन गुणवत्तेवर प्रतिनिधी नेमण्याची पद्धत आली. 2016 च्या कायद्यात निवडणुकांची तरतूद पुन्हा करण्यात आली.

हा सारा इतिहास ज्या कागदांतून नीट लिहिता येईल ते कागद विद्यापीठांच्या अहवालांत नाहीत. वसतिगृहांची प्रवेश-रजिस्टरे, मेसच्या हिशेबाच्या वह्या, रेक्टरांचे शेरे, दंडाच्या पावत्या, बोर्डिंगांच्या कमिट्यांची इतिवृत्ते आणि हस्तलिखित नियतकालिके हीच त्याची खरी साधने आहेत, आणि फर्ग्युसनपासून मिलिंदपर्यंत, कोल्हापूरच्या बोर्डिंगांपासून साताऱ्याच्या वसतिगृहापर्यंत प्रत्येक संस्थेच्या कपाटात ती कमी-अधिक असणारच. संस्थांच्या चालकांनी ती रद्दीत जाऊ देऊ नयेत, त्यांची यादी करावी आणि ती अभ्यासकांना पाहू द्यावीत.